मंगळावरचं बेणं

माझा मामेभाऊ आंबेगाव तालुक्यात कांदा-बटाटा करतो. रब्बीत शेतीची वीज बहुतेक रात्रीची. मोटर सुरू करायची, बांधावर घोंगडी टाकायची आणि पाणी शेवटच्या सरीत पोचेपर्यंत मोबाइलवर कादंबऱ्या वाचायच्या, असा त्याचा हिवाळा जातो. एकदा फोनवर मी त्याला अँडी वीअरच्या ‘द मार्शियन’ची गोष्ट सांगितली. मंगळावर एक माणूस एकटा अडकतो, त्याच्याकडे 12 बटाटे असतात, तो त्यांचं बेणं करून शेती करतो, पहिलं पीक काढतो, तेच पुन्हा लावतो, असं सगळं रंगवून. पलीकडे मोटरची घरघर ऐकू येत होती. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला, “काढला की लगेच लावला? मग उगवला कसा?”

मला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी बटाटा फक्त पिशवीतून ओट्यावर ओतलाय, त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीतून ताजा काढलेला बटाटा झोपेत असतो. त्याला डोळे असतात, पण ते उघडत नाहीत. जातीप्रमाणे ही सुप्तावस्था साधारण दोन ते तीन महिने टिकते. म्हणून तर बेणं शीतगृहात ठेवतात, हंगामाच्या आधी बाहेर काढतात, मोड दिसू लागले की मग लावतात. घाई असेल तर औषधात बुडवून झोप मोडावी लागते. वीअरच्या नायकाकडचे पहिले 12 बटाटे पृथ्वीवरून थंडाव्यात ठेवून आणलेले होते, ते उगवले यात नवल नाही. पण त्यांचं पीक काढून तेच लगोलग पुन्हा लावलं आणि तेही फुटलं, हे मामेभावाला पटेना. गंमत म्हणजे, रसायन, वीज, कक्षा यांतल्या चुका शोधून काढणाऱ्या हजारो वाचकांसमोर ही कादंबरी लिहिली गेली. तरी तिच्याबद्दल मी जे काही वाचलं होतं, त्यात हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. दुसऱ्या लागणीपाशी गोष्ट घाईत असते. का असते, ते शोधताना मी पार 1836पर्यंत मागे गेलो.

आधी वीअरबद्दल. हा कॅलिफोर्नियातला प्रोग्रॅमर. ‘वॉरक्राफ्ट 2’ हा गेम ज्यांनी बनवला, त्या मंडळींत तो काही काळ होता. हे नंतर उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा. 1999मध्ये एका मोठ्या इंटरनेट कंपनीतली नोकरी सुटली, हातात शेअर विकून आलेले पैसे होते, म्हणून त्याने तीन वर्षं घरी बसून लेखन केलं. कुणी प्रकाशक मिळाला नाही. तो मुकाट्याने पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे वळला आणि लेखन स्वतःच्या संकेतस्थळावर, फुकट, हौसेखातर टाकू लागला. 2009च्या सुमारास त्याने मंगळाची गोष्ट घेतली. एकेक प्रकरण लिहून व्हायचं, साइटवर चढायचं, आणि ईमेलच्या यादीत असलेल्या तीनेक हजार लोकांना कळवलं जायचं. त्यांत रसायनशास्त्र जाणणारे होते, इंजिनिअर होते. ते उलट टपाली चुका कळवायचे, आणि वीअर प्रकरण दुरुस्त करायचा. पुढे कुणीतरी म्हणालं, साइटवर वाचायला त्रास होतो, ई-बुक कर. त्याने केलं. मग कुणी म्हणालं, आम्हाला फाइल चढवायची खटपट जमत नाही, किंडलवर टाक. तिथे फुकट ठेवता येईना, म्हणून किमान किंमत लावली, 99 सेंट. तीन महिन्यांत 35 हजार प्रती खपल्या. 2013च्या मार्चमध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने एक लाख डॉलरहून अधिक देऊन हक्क घेतले, 2014मध्ये छापील पुस्तक आलं, 2015मध्ये रिडली स्कॉटचा सिनेमा. हा सिनेमाच बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण मूळ जात लक्षात ठेवायला हवी. ही आधी एक वेब-कादंबरी होती, हप्त्याहप्त्याने वाढलेली. आणि तिच्या पहिल्या भागाचा गाभा शेती हा होता.

ती शेती नीट बघण्यासारखी आहे. मार्क वॉटनी हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मेकॅनिकल इंजिनिअर. मोहिमेच्या सहाव्या दिवशी वादळात तो मेला असं समजून बाकीचे पाच जण निघून जातात. अन्न काटकसरीने चारेकशे दिवस पुरेल इतकं. पुढची मोहीम येणार चौदाशेहून अधिक दिवसांनी, आणि तीही 3200 किलोमीटर दूर. मोहिमेवर साजऱ्या होणाऱ्या सणाच्या जेवणासाठी पाठवलेले कच्चे बटाटे तेवढे जिवंत आहेत. तो त्यांच्या फोडी करतो, प्रत्येक फोडीवर किमान दोन डोळे राखून. मामेभावाने इथे मान डोलवली असणार, फोनवर दिसलं नाही. मग राहायच्या तंबूत मंगळाची माती आणून पसरायची, दहा सेंटिमीटर जाडीचा थर. तंबूची जमीन 92 चौरस मीटर. टेबलं, बिछाने, फुगवायचे छोटे तंबू धरून ती 126 चौरस मीटरपर्यंत ओढायची. आपल्या हिशेबात सव्वा गुंठा. मंगळाची माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा, तिच्यात सजीव काही नाही. म्हणून मोहिमेतल्या सहा जणांची विष्ठा, आणि प्रयोगासाठी पृथ्वीवरून आणलेली डबाभर माती. दुधाला विरजण लावावं तशी ती डबाभर माती तो भुग्यात मिसळतो, जिवाणू वाढू देतो, मग पुढच्या तुकड्यात.

सगळ्यात अवघड पाणी. एक घनमीटर मातीला 40 लिटर, असा त्याचा हिशेब. आपल्याकडचा कुणीही विचारेल की एवढ्यात वाफसा येतो का? आकारमानाच्या जेमतेम चार टक्के ओल, वाळूलाही ती कमीच. पण ते सोडा. हे पाणी मिळवण्यासाठी तो मागे राहिलेल्या यानातलं हायड्राझिन हे इंधन वापरतो. उत्प्रेरकावर त्याचं विघटन करून हायड्रोजन मोकळा करायचा आणि तो ऑक्सिजनमध्ये जाळायचा. सुमारे सहाशे लिटर पाणी होणार असतं. एकदा तंबूत हायड्रोजन साठून राहतो, तो कसा निकाली काढायचा याची तो नीट आखणी करतो. पण तोंडावरच्या मास्कमधून आपण उच्छ्वासाबरोबर ऑक्सिजनही बाहेर सोडतोय, हे विसरतो, आणि स्फोट होतो. विहीर खणताना सुरुंग अंगावर यावा, तसं. मला या कादंबरीतला सर्वांत खरा शेतीचा प्रसंग हाच वाटतो. पाण्यासाठी जीव टांगणीला लावणं यात विज्ञानकथा नावालाच आहे.

मातीबद्दल एक गोष्ट वीअरने बाजूला ठेवली. 2008मध्ये फीनिक्स हे यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं आणि तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माणसाच्या थायरॉइडला घातक. सुदैवाने ते पाण्यात विरघळतात, म्हणजे माती धुऊन घेता येते. अर्थात त्यासाठी आणखी पाणी, म्हणजे आणखी एक स्फोट. कादंबरीत हा विषय येत नाही.

आता कादंबरी कुठे वळते ते पाहू. पहिली पाच प्रकरणं नुसती वॉटनीची रोजनिशी आहे. माणूस, माती, हिशेब. सहाव्या प्रकरणात एकदम पृथ्वी येते. नासाच्या कचेऱ्या, बैठका, पत्रकार परिषदा, वेंकट कपूर नावाचा भारतीय वंशाचा अधिकारी (सिनेमात त्याचं नाव बदललं आहे). ज्यांना फक्त त्या एकट्या माणसाचा आवाज हवा होता, त्यांना हा हिसका बसतो. मलाही बसला होता. पण खरा मोड त्याच्यापुढे आहे, पुस्तकाच्या साधारण मध्यावर, मंगळावरच्या 119व्या दिवशी. तंबूचं एक दार, म्हणजे एअरलॉक, तंबूपासून फाटून उडतं. आतली हवा निघून जाते, पाणी उकळून उडतं, उरलेलं गोठतं. झाडं मरतात. मातीतले बहुतेक जिवाणू मरतात. वॉटनी वाचतो, पण शेत पुन्हा उभं राहू शकत नाही.

तिथून पुढे ही शेतीची कादंबरी उरत नाही. निघालेले बटाटे मंगळाच्या थंडीत गोठवून बाहेर ठेवलेले असतात, ते शिधा म्हणून उरतात. पुढचा निम्मा भाग म्हणजे गाडी दुरुस्त करणं, हजारो किलोमीटरचा प्रवास, अवकाशयानांची गणितं, सुटका. शेतकरी संपतो आणि शिदोरी घेतलेला प्रवासी सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीने पुस्तक या जागीच खाली ठेवलं. ‘मला बटाट्यांचं पुढे काय होतं ते हवं होतं,’ म्हणाली.

हप्त्याने येणारी गोष्ट मूळ बेतापासून सुटते, हे काही इंटरनेटचं पाप नाही. 1836मध्ये लंडनच्या चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांनी रॉबर्ट सेमूर या चित्रकाराच्या चित्रांभोवती एक मासिक मालिका काढली. बेत असा की शहरी हौशी लोक शिकारीला, मासेमारीला जातात आणि त्यांची फजिती होते. चित्रं मुख्य, मजकूर त्यांच्या पोटात. मजकुरासाठी 24 वर्षांच्या चार्ल्स डिकन्सला बसवलं. दुसरा अंक तयार होत असताना सेमूरने आत्महत्या केली. मालिका बंद पडायच्या बेतात होती. मग डिकन्सने लगाम घेतला, चित्रं कमी झाली, मजकूर वाढला, आणि चौथ्या अंकात सॅम वेलर नावाचा बूट पुसणारा हजरजबाबी नोकर आला. काहीशे प्रतींचा खप शेवटी 40 हजारांवर गेला. शिकारीची मालिका म्हणून सुरू झालेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये शिकार आज कुणाला आठवत नाही. हप्त्याच्या गोष्टीत वाचक दर महिन्याला मत देत असतो, आणि लेखक ते मत पाहून नांगर वळवतो. इथे त्या वळण्याने मराठीपर्यंत पोचलेलं एक मोठं पुस्तक दिलं, तेव्हा तक्रार कशाला करायची.

पण शेतीचं तसं नाही. शेतीची अडचण वेगळी आहे, आणि ती 1950च्या एका पुस्तकात स्वच्छ दिसते.

रॉबर्ट हाइनलाइन हा अमेरिकी विज्ञानकथेतला फार मोठा माणूस. त्याची ‘फार्मर इन द स्काय’ ही कुमारांसाठीची कादंबरी आधी ‘बॉइज लाइफ’ या स्काउट मुलांच्या मासिकात ऑगस्ट ते नोव्हेंबर 1950 अशी चार महिने, थोडी आखूड करून, ‘सॅटेलाइट स्काउट’ नावाने आली. पृथ्वीवर माणसं फार झालीत, अन्नाला रेशन आहे. बिल नावाचा मुलगा बापाबरोबर, बापाच्या नव्या बायको-मुलीसह, गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहावर शेती करायला जातो. आणि हाइनलाइन पहिल्या दोन-तृतीयांश भागात खरंच शेती करतो. खडक भरडायचा, त्याच्यावर सेंद्रिय गाळ पसरायचा, शेजाऱ्याच्या तयार शेतातून आणलेली जिवंत माती वर पेरायची. पुन्हा तेच विरजण! वॉटनीच्या साठ वर्षं आधी. शेजारी कसा मदत करतो, नवखा माणूस पहिल्या दिवशी किती थकतो, सगळं आहे. मग भूकंप होतो, उपग्रहावर कृत्रिम उष्णता धरून ठेवणारी यंत्रणा बंद पडते, कडाक्याची थंडी येते, पिकं आणि माणसं मरतात. बिल आणि बाप परत न जाता पुन्हा उभं राहायचं ठरवतात.

माझी उत्सुकता इथे सर्वांत जास्त होती. मेलेलं शेत दुसऱ्यांदा कसं उभं करतात? पहिल्यांदा हौस असते, दुसऱ्यांदा काय असतं? हाइनलाइन ते भराभर उरकतो, बिलला एका पाहणी मोहिमेवर पाठवतो, आणि तिथे त्याला व त्याच्या मित्राला गुहेत परग्रहवासीयांनी सोडलेली यंत्रं सापडतात. त्यातल्या एका चालणाऱ्या वाहनावर बसून पोरं पुढचा प्रवास करतात. परग्रहवासी! तोवर पुस्तकात त्यांची चाहूल नाही, पुढे त्यांचं काही होत नाही. मुलांच्या मासिकाला शेवटी धमाका हवा होता म्हणा, किंवा लेखकाला कंटाळा आला म्हणा. मला हा चक्क पळ वाटला. हाइनलाइनचे चाहते रागावतील, रागावू देत.

म्हणजे 1950 आणि 2011च्या आगेमागे, दोन्ही हप्त्याच्या गोष्टींत शेत एकाच पद्धतीने मरतं, छप्पर जाऊन थंडीने. आणि दोन्हींत दुसरा हंगाम नाही. शेतीचं खरं दुखणं दुसऱ्या हंगामात असतं. पहिली लागण ही घटना असते. दुसरी लागण म्हणजे तेच सगळं पुन्हा, फक्त आता बेणं राखायचंय, जमीन थकलीय, कीड ओळखीची झालीय, उधारी मागच्या सालची आहे. गोष्टीला हे झेपत नाही. ज्वारीला चार महिने लागतात आणि वाचकाला उद्या सकाळचं प्रकरण हवं असतं.

चीनमध्ये या अडचणीवर एक अख्खा साहित्यप्रकार उभा राहिला. तिथे वेब-कादंबऱ्यांमध्ये ‘चोंगथ्येन’ नावाची जात आहे, शब्दशः ‘शेत कसणं’. शब्द मात्र शेतातून आलेला नाही. तो स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांचा. शत्रूवर लगेच चढाई न करता कोपऱ्यात राहून कोठारं भरणं, वस्ती वाढवणं, याला ते खेळाडू ‘शेती करणं’ म्हणत. ‘वॉरक्राफ्ट’ खेळलेल्यांना आठवेल, तिथे शेत नावाची इमारत असते. ती एकदा ठेवली की इतके सैनिक पोसले गेले, बस. पेरणी नाही, पाऊस नाही, एक चौकोन आणि एक आकडा. त्याच खेळावर काम केलेल्या वीअरने पुढे प्रत्येक चौरस मीटरचा हिशेब मांडणारं शेत लिहिलं, याची मला मौज वाटते. त्याच्या वॉटनीच्या मनातही आधी आकडाच असतो, इतके उष्मांक गुणिले इतके दिवस. फरक एवढाच की त्याचे हात घाण होतात.

चिनी वेब-कादंबरीचं अर्थकारणही लांबी मागतं. ‘छिदियन’ हे संकेतस्थळ 2002मध्ये सुरू झालं, 2003पासून पैसे देऊन वाचण्याची सोय झाली. दर हजार अक्षरांना दोन-तीन फेन, म्हणजे युआनचे दोन-तीन शतांश. वाचकाला नगण्य, पण लेखकाचं पोट अक्षरांच्या मोजमापावर. रोज काही हजार अक्षरं लिहायची, वर्षानुवर्षं. अशा वेळी खेड्यात शांतपणे मिरच्या लावणारा नायक प्रकरण दोनशेपर्यंत मिरच्याच लावत राहील, हे कठीणच. तो व्यापारी होतो, मग जहागीरदार, मग सेनापती. स्त्री-वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांत जुन्या काळातल्या खेड्यात जन्मलेली नायिका सासरची वाटणी, कोंबड्या, लोणची इथून सुरू करते आणि राजवाड्यातल्या कारस्थानांत पोचते. ‘शेती म्हणून घेतली, दरबार निघाला’ ही तिथल्या वाचकांची जुनी कुरकुर आहे.

काळाचा तिढा सोडवायला तिथे एक अफलातून युक्तीही निघाली. नायकाकडे अंगठीत किंवा ताईतात दडलेली एक खासगी जागा असते. तिच्यात काळी माती, झरा, आणि बाहेरच्यापेक्षा वेगाने धावणारा काळ. सकाळी पेरलं, संध्याकाळी काढलं. आता कादंबरीला चार महिने थांबायला नको! पण मग शेतीतलं थांबणं गेलं, आणि थांबणं गेलं तर उरला तो फक्त माल.

या प्रकारातली सर्वांत विलक्षण गोष्ट ‘लिनगाव छीमिंग’. 2006मध्ये काही चिनी नेटकरी गप्पा मारत होते की आजची यंत्रं आणि आजचं ज्ञान घेऊन मिंग काळात जाता आलं, तर काय काय न्यावं लागेल? गप्पांमधून आराखडे निघाले, 2009पासून कादंबरी. पाचशेहून अधिक माणसं एका जहाजातून 1628 सालात, हाइनान बेटावरच्या लिनगाव या जागी उतरतात आणि तिथे आधुनिक समाज उभारू लागतात. वाचकांनी आपापल्या कामधंद्यातलं ज्ञान ओतलं, कित्येक वाचक पात्रं होऊन आत गेले, त्यांनी लिहिलेली उपकथानकं मूळ कथेत जिरवली गेली. ही कादंबरी मूळ बेतापासून सुटली का, असं विचारताच येत नाही, कारण तिला एक धुरा नाहीच. ती गावासारखी आहे, वाढेल तिकडे वाढते. मी तिचे तुकडेच वाचलेत, भाषांतराच्या कुबड्या घेऊन. मला तिच्यात एक गोष्ट सापडली जी हाइनलाइन आणि वीअरकडे नाही. साल उलटतं. मागच्या सालच्या निर्णयाचं देणं पुढच्या सालात फेडावं लागतं. एकट्याच्या कादंबरीला जे झेपलं नाही, ते शंभर हातांच्या कादंबरीला जमलं.

मग वीअरने 119व्या दिवशी शेत मारलं, तो पळ होता का? मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. दार फाटण्याआधी लेखक अचानक रोजनिशी सोडून एका कापडाच्या तुकड्याची हकिगत सांगू लागतो. पृथ्वीवरच्या कारखान्यात तो कसा विणला गेला, मंगळावर कसा आला, तंबूच्या कोणत्या कोपऱ्यात लागला. वॉटनी सोयीचं म्हणून तेच एक दार सतत वापरतो, त्याच्या रचनेत धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळा. प्रत्येक वेळी कापड ताणलं जातं, सैल पडतं. एक दिवस सुटतं. म्हणजे शेताचा घात दगडाने किंवा परग्रहवासीयांनी होत नाही, तो रोजच्या वापराच्या झिजेतून होतो. वीअरने मुलाखतींत सांगितलंय की नायकावरचं पुढचं संकट हे शक्यतो त्याच्याच आधीच्या उपायातून यावं, असा त्याचा प्रयत्न होता. ज्या घरात बटाटे पिकतात, त्याच घराची चौकट झिजते. बांध फुटतो तोही असाच, पाणी रोज एकाच जागी मुरल्यामुळे. म्हणून हाइनलाइनवर रागावणारा मी वीअरवर रागावू शकत नाही. त्याची गोष्ट शेतातून बाहेर पडते, पण शेताच्याच भगदाडातून पडते.

तरी मामेभावाचा प्रश्न तसाच राहतो. झोपलेला बटाटा फुटला कसा? 119व्या दिवशी जे शेत मेलं, ते शेतकऱ्याच्या हिशेबाने त्याआधीच, दुसऱ्या लागणीला, उगवायलाच नको होतं. वीअरचे वाचक रॉकेटचं इंधन तपासत होते. डोळा उघडला की नाही, हे बघणारा त्या तीन हजारांत कुणी नसावा, किंवा असला तरी गप्प बसला.

कादंबरीचा एक परिणाम मात्र थेट बटाट्याच्या माहेरी जाऊन पोचला. पेरूची राजधानी लिमा इथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, हजारो वाणांचा संग्रह असलेलं. 2016मध्ये त्यांनी नासाच्या सल्ल्याने दक्षिण पेरूमधल्या ला होया वाळवंटातली कोरडी, खारी माती आणली, हवाबंद पेटीत मंगळासारखं तापमान, दाब आणि कार्बन डायऑक्साइड ठेवून बटाटे लावले. काही वाणांनी कोंब काढला, त्यात खारपड जमीन सोसणारे पुढे होते. केंद्राचा खरा रस मंगळापेक्षा समुद्रकाठच्या खारावत चाललेल्या जमिनींत होता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

चंद्रावर प्रयोग याहून पुढे गेला. 3 जानेवारी 2019 रोजी चीनचं चांग-अ 4 हे यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. त्यात एक बंद डबा होता. कापूस, मोहरीच्या जातीतलं एक तेलबी, बटाट्याचं बी, यीस्ट, फळमाशीची अंडी. सरकी उगवली. चंद्रावर उगवलेलं पहिलं झाड कापसाचं निघालं, हे विदर्भातल्या कुणालाही सांगायला हरकत नाही. मग चंद्राची रात्र आली, ती आपल्या चौदा दिवसांएवढी असते. वीज बंद करावी लागली, डबा गोठला, कोंब मेला. हाइनलाइन आणि वीअर दोघांनीही शेताला हेच मरण लिहिलं होतं. वाटतं की दोघांनाही तेवढं बरोबर कळलं होतं.

आणि 30 डिसेंबर 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी60 रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यात इस्रोने चवळीचे आठ दाणे पाठवले. रॉकेटचा तो टप्पा काम झाल्यावरही काही काळ पृथ्वीभोवती फिरत राहतो, त्याचाच प्रयोगशाळा म्हणून उपयोग केला. नियंत्रित पेटी, कॅमेरा, तापमान आणि ओलावा मोजायची सोय, आणि अवधी साधारण आठवड्याचा. चार दिवसांत मोड आले, मग पानं फुटली. फोटो आला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर उसळीचे विनोद झाले.

मी तो फोटो मामेभावाला वेगळा पाठवला. उत्तर रात्री दीडला आलं, म्हणजे त्याच्याकडे वीज तेव्हाची असणार.

“शेंग धरली की कळव.”